विमानाच्या पुढच्या काचेतून दृश्य वाकडे दिसते का, हे कसे मोजतात?

काच डोळ्यांना स्वच्छ दिसत असताना तिची वेगळी प्रकाशीय चाचणी कशासाठी, असा आपला प्रश्न आहे. अशा भागांच्या तपासणीत मी काम केले आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

तिरक्या बसवलेल्या जाड काचेतून दृश्य थोडे बाजूला सरकते. 25 मिलिमीटर जाडी, 60 अंशांचा आपतन कोन (किरण आणि काचेवरील लंब यांच्यातील कोन) आणि 1.5 अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वळवते त्याचे माप) धरल्यास हे सरकणे सुमारे 13 मिलिमीटर भरते, आणि वस्तू कितीही दूर असली तरी तेवढेच राहते, म्हणून त्याची चिंता नसते. काचेचे दोन पृष्ठभाग समांतर नसतील तर मात्र किरणाची दिशाच बदलते. 1 मिलिरेडियनचे असे विचलन एक किलोमीटरवर एक मीटरची चूक दाखवते. हे विचलन काचेच्या एका भागातून दुसऱ्या भागात बदलत गेले की सरळ धावपट्टी वाकलेली दिसते, वैमानिकाने डोके हलवताच ती लहरते, आणि यालाच विरूपण म्हणतात.

ते मोजण्यासाठी सरळ रेषांच्या जाळीच्या फलकाचे छायाचित्र काचेतून घेतात, सर्वाधिक कललेल्या रेषेला स्पर्शिका काढतात आणि तिचा उतार, उदाहरणार्थ दहास एक, असा नोंदवतात. अमेरिकेतील एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची एफ2156 ही प्रमाणित पद्धत याच तत्त्वावर आहे.

येथे मी एका गोष्टीचा आग्रह धरीन: कॅमेरा वैमानिकाच्या डोळ्यांच्या जागी हवा आणि काच विमानात जितकी तिरकी बसते तितकीच तिरकी ठेवलेली हवी. पृष्ठभागांमधील पाचरीचा कोन समोरून पाहताना किरणाला स्वतःच्या निम्म्याने वळवतो, पण तोच कोन 60 अंशांच्या आपतनाला स्वतःच्या जवळजवळ दीडपट वळवतो, त्यामुळे उभी धरून तपासलेली काच निर्दोष ठरूनही विमानात त्रास देऊ शकते.

जाळीची एक मर्यादाही लक्षात ठेवावी. संपूर्ण काचेत विचलन सारखेच असेल तर रेषा सरळच राहतात आणि या चाचणीत काहीही सापडत नाही, म्हणून कोनीय विचलन स्वतंत्रपणे मोजावे लागते. एफ-16 लढाऊ विमानाच्या पॉलिकार्बोनेटच्या छत्रीचे विचलन असेच मोजून हेड-अप डिस्प्लेवरील (वैमानिकाच्या नजरेसमोर माहिती दाखवणाऱ्या पारदर्शक पडद्यावरील) लक्ष्यचिन्हाच्या जागेत तेवढी दुरुस्ती करतात.