काकूंना विचारा : नवरात्र म्हणजे शॉक नव्हे

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात लग्न, सासू, पीएफ वगैरे नेहमीचं कमीच आणि इकॉनोमेट्रिक्सची, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासण्याच्या विषयाची, मात्र पाच पत्रं. कुणीतरी वर्गात सांगितलेलं दिसतंय की काकू आधी हाच विषय शिकवायच्या. शिकवायचे खरं, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण विषय अजून डोक्यातून जात नाही, भाजीवाल्याकडे उभी राहिले तरी मनात ग्राफ निघतो. तर घ्या.

प्रश्न : काकू, मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, रावपुऱ्यात राहते. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी नऊ पानी कोर्स आउटलाइन हातात दिली. हजेरी 75 टक्के, सबमिशन उशिरा केलं तर दिवसाला 10 टक्के मार्क कट, आणि प्रत्येक असाइनमेंटसोबत कोड आणि मूळ डेटा फाइल नाही दिली तर तपासणारच नाहीत म्हणे. सीनियर सांगतात त्यांच्या वेळी वर्डमध्ये टेबल चिकटवलं की काम झालं. त्यात दुसरी असाइनमेंट बरोब्बर नवरात्रात! हे जरा जास्तच नाही का?

उत्तर : नऊ पानं वाचलीस का पूर्ण? निम्म्या मुली तिसऱ्या पानावर सोडतात आणि नोव्हेंबरमध्ये विचारतात की मॅडम व्हायवा पण आहे का.

कोडचं आधी सांगते कारण तिथे मी पूर्णपणे तुझ्या मॅडमच्या बाजूने आहे. 2010 साली राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामांकित अर्थतज्ज्ञांचा एक पेपर आला, सार असं की देशाचं कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांच्या वर गेलं की वाढ कोसळते, सरासरी चक्क उणे 0.1 टक्का. जगभरच्या मंत्र्यांनी तो आकडा भाषणात वापरला, खर्चात कपात करा म्हणून. मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी, त्याला इकॉनोमेट्रिक्सच्या कोर्सला होमवर्क होता की छापलेला एखादा पेपर घ्या आणि तेच आकडे पुन्हा काढून दाखवा. याचे काही केल्या जुळेनात. त्याला वाटलं आपलंच चुकतंय (सगळ्यांना आधी तेच वाटतं). शेवटी त्याने लेखकांकडूनच एक्सेलची शीट मागवली, त्यांनी दिली पण, आणि बघतो तर सरासरी काढताना वीसपैकी पाच देश सिलेक्टच झालेले नाहीत, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. एबीसीडीप्रमाणे पहिले पाच, पण शीटमध्ये यादी उलटी म्हणून ते तळाशी, माउस खालपर्यंत ओढायचा राहिला तसं. नुसती तेवढीच चूक नव्हती हं, न्यूझीलंडची काही वर्षं गळली होती आणि वजनं अशी लावली होती की न्यूझीलंडचं एक वाईट वर्ष आणि ब्रिटनची एकोणीस वर्षं सारख्याच भावात. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी 2013 मध्ये सगळं दुरुस्त करून मांडलं तर उणे 0.1 च्या जागी आलं 2.2 टक्के. आता सांग, चिकटवलेल्या टेबलमध्ये हे कुणाला दिसलं असतं? आपल्या विषयात चूक टेबलमध्ये नसते, टेबलच्या आधी काय केलं त्यात असते. कोड न बघता तपासणं म्हणजे वरण न चाखता रंगावरून मीठ सांगणं.

आता नवरात्र. तुझं दुःख समजतं, बडोद्यात राहून नवरात्रात रात्री रिग्रेशन, म्हणजे आकड्यांतून रेषा बसवायचं गणित, करायचं म्हणजे शिक्षाच आहे, रात्री दीड वाजता गरब्याहून येऊन सकाळी नऊच्या लेक्चरला बसणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षं पाहिल्यात, डोळे उघडे आणि आत कोणी नाही. पण राणी, विषयाच्या भाषेत बोलायचं तर नवरात्र हा शॉक, म्हणजे अचानक बसलेला धक्का, नाही, सीझनॅलिटी आहे, ठरल्या वेळी येणारा चढउतार. दरवर्षी येते, तारखा कॅलेंडरवर छापलेल्या असतात, तुझ्या मॉडेलमध्ये ती आधीपासून पाहिजे. शॉक म्हणजे 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घराघरात शिरली ते. आमच्या सोसायटीत एका मुलाचा लॅपटॉप, फाइली, सगळं पाण्यात, लाइट नाही, नेट नाही, बाहेर पाण्यात मगर फिरते आहे असे व्हिडिओ. अशा वेळी जो शिक्षक दिवसाला 10 टक्के कापेल त्याच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत. आउटलाइनमध्ये बघ, एक्स्टेन्शन कशासाठी आणि किती दिवस आधी मागायचं हे लिहिलेलं असेल. नसेल तर आत्ताच मॅडमना विचार, वर्गाच्या वतीने विचार, आणि नवरात्रातल्या सबमिशनची तारीख चार दिवस अलीकडे घ्या म्हणा. पुढे नाही, अलीकडे. पुढे मागितली की नाही म्हणतील, अलीकडे मागणारा विद्यार्थी त्यांनी जन्मात पाहिला नसेल.

हजेरीचं म्हणशील तर मी तुझ्याकडून. 75 टक्के बसवून मुलं वर्गात येतात, विषयात येत नाहीत. पण तो नियम मॅडमच्या हातात नसतो बहुतेक, तेव्हा त्यांच्याशी नको भांडूस.

प्रश्न : माझी मुलगी बी.ए. करतेय, इकॉनॉमिक्स घेतलं, बारावीला गणित नव्हतं. आता इकॉनोमेट्रिक्स लागलंय आणि रोज रडते. सरांनी लिहून दिलंय की गणित येतं असं धरूनच शिकवलं जाईल. त्यात घरात वेगळाच गोंधळ, सासूबाई विचारतात की सत्तर वर्षं झाली बडोद्यात, सगळ्यांना येतं, मग ही पोरगी दिवसभर गुजराती गुजराती काय घोकते. क्लास लावू का? — एक आई, मांजलपूर

उत्तर : सासूबाईंना सांगा की गुजराती हे पुस्तकाच्या लेखकाचं आडनाव आहे, दामोदर गुजराती, अमेरिकेत प्राध्यापक होते, आणि पुस्तक इंग्रजीत आहे. आमच्याकडे पण एकदा मुलाने दुकानात जाऊन "गुजराती द्या" म्हटलं आणि दुकानदाराने पहिलीची बाराखडी काढून दिली.

क्लास लगेच नका लावू. "गणित येतं असं धरून" म्हणजे काय काय ते सरांना विचारायला लावा मुलीला, बहुतेक वेळा बेरजेचं ते सिग्मा चिन्ह, सरासरी, व्हेरियन्स, थोडी प्रोबॅबिलिटी आणि सोपं डेरिव्हेटिव्ह एवढंच निघतं, मॅट्रिक्स बी.ए.ला फार लागत नाही. आणि तिला एक काम द्या, कॉम्प्युटरला हात न लावता. समजा सेवउसळच्या दुकानात टेबलावर 1, 2, 3, 4, 5 माणसं बसली आणि पाव गेले 3, 4, 8, 9, 11. सरासरी माणसं 3, सरासरी पाव 7. प्रत्येक ठिकाणी सरासरीपासूनचा फरक काढायचा, माणसांचा फरक गुणिले पावांचा फरक यांची बेरीज येते 21, माणसांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज 10, भागलं की 2.1, तो रेषेचा उतार. म्हणजे एक माणूस वाढला की सव्वादोनच्या जरा आत पाव वाढतात. आणि 7 मधून 2.1 गुणिले 3 वजा केले की उरतात 0.7, तो इंटरसेप्ट, म्हणजे टेबलावर कोणीच नसताना 0.7 पाव कोण खातं? कोणी नाही. शून्य माणसांचं टेबल डेटात नव्हतंच, रेषा आपली मागे ओढली गेली. हे एकदा हाताने केलं आणि त्या 0.7 वर हसू आलं की अर्धा सेमिस्टर झाला समजा. रडू थांबलं नाही तर मग क्लासचं बघू.

प्रश्न : काकू, प्रोजेक्टमध्ये माझी पी-व्हॅल्यू 0.06 आली. मित्र म्हणतो दोनचार व्हेरिएबल बदलून बघ, 0.05 च्या खाली येईल. नाही आली तर सर मार्क कापतील का?

उत्तर : पी-व्हॅल्यू म्हणजे खरा परिणाम काहीच नसताना निव्वळ योगायोगाने इतका मोठा निकाल येण्याची शक्यता, आणि 0.06 ला कोणी शहाणा शिक्षक मार्क कापत नाही. 0.05 ही रेघ संख्याशास्त्रज्ञ फिशरने 1925 च्या पुस्तकात सोयीची म्हणून सांगितली, ती काही देवाने आखलेली नाही. मार्क कापले जातात ते मित्राच्या सल्ल्याला. समज खरा परिणाम काहीच नाही आणि तू वीस वेगवेगळ्या तऱ्हा करून पाहिल्यास, त्या एकमेकींशी संबंध नसलेल्या धरल्या तर निदान एकीत तरी 0.05 च्या खाली येण्याची शक्यता 64 टक्के. आणि तू रिपोर्टमध्ये तेवढी एकच दाखवणार. 0.06 लिही, सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) लिही, किती मॉडेल करून पाहिली ते पण लिही.

प्रश्न : मी मैत्रिणीला नुसती "बघायला" माझी कोड फाइल दिली. तिने तशीच सबमिट केली. आता दोघींना शून्य. माझी काय चूक? आणि एआयला विचारून केलं असतं तर चाललं असतं का?

उत्तर : दिलीस ती चूक. चर्चा दोघींनी करा, गच्चीत बसून करा, पण फाइल कुणाला द्यायची नाही आणि घ्यायची नाही, बहुतेक आउटलाइनमध्ये हे असतंच. आणि पकडणं फार सोपं असतं, माझ्याकडे एकदा दोन मुलांच्या फाइलीत "इनकम"चं स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलेलं होतं, आणि दोघांनी रँडम नंबरसाठी सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, ठेवलं होतं एकाची जन्मतारीख! तू मात्र सरांना भेट, जुन्या व्हर्जन, सेव्ह केल्याच्या वेळा दाखव, व्हायवा घ्या म्हण. मूळ काम तुझं आहे हे पाच मिनिटांत कळतं आणि मग शून्याचं काहीतरी कमी होऊ शकतं, पूर्ण नाही.

एआयचं कोर्समध्ये जे लिहिलंय तेच. माझं विचारशील तर एरर मेसेजचा अर्थ विचारायला हरकत नाही, पण जी ओळ तुला व्हायवात समजावता येत नाही ती ओळ तुझी नाही.

प्रश्न : मी मकरपुऱ्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार एम.ए. करतोय. टर्म प्रोजेक्टची अट अशी आहे : विषय स्वतःचा, डेटा खरा, आणि "नुसता सहसंबंध चालणार नाही, कारण दाखवा". हे शेवटचं म्हणजे नक्की काय हवंय? आणि बडोद्याचाच एखादा विषय सुचवाल का?

उत्तर : हे पत्र वाचून मला बरं वाटलं, तेव्हा उत्तर लांबणार.

पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठावर मगरी जास्त दिसतात आणि मंगळबाजारात छत्र्या जास्त खपतात. दोन्हींचा आलेख काढलात तर सुरेख रेषा येईल. पण मगरीमुळे छत्री विकली जात नाही, दोन्हींच्या मागे पाऊस आहे. तुमच्या सरांना मगर आणि छत्री नकोय. तो मागचा पाऊस तुम्ही शोधलात का, आणि त्याचं काय केलंत, हे हवंय.

विषय आपल्या घरातलाच घ्या. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण प्रयोग म्हणून सुरू केलं आणि 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात लावलं. आता संस्थानाचा नकाशा आठवा, एकसंध नव्हताच, बडोदा, कडी, नवसारी, अमरेली असे तुकडे, आणि मधेमधे खेडा, भरूच, सुरत, अहमदाबाद हे ब्रिटिश जिल्हे. भाषा तीच, पाऊस जवळपास तोच, पिकं तीच, आणि मधल्या रेघेच्या एका बाजूला शाळा सक्तीची, दुसरीकडे नाही. इतकी चांगली सोय संशोधकाला मागून मिळत नाही. 1906 च्या आधी-नंतर बडोद्याच्या तालुक्यांत साक्षरता किती वाढली ते काढा, शेजारच्या ब्रिटिश तालुक्यांत किती वाढली ते काढा, दुसरं पहिल्यातून वजा करा. यालाच डिफरन्स इन डिफरन्सेस म्हणतात, नाव मोठं आहे पण काम शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करण्याचंच, जे आपण तसंही करतोच.

पण इथे तीन खड्डे आहेत आणि सर नेमके त्यातच मार्क ठेवणार. पहिला, दोन्हीकडची साक्षरता सक्तीच्या आधी सारख्याच वेगाने वाढत होती का? बडोदा आधीपासूनच जोरात असेल तर श्रेय कायद्याला कसं द्यायचं, म्हणून 1881 आणि 1891 च्या जनगणनेचे आकडेही हवेत. दुसरा, 1901 ची जनगणना छप्पनियाच्या लगेच नंतरची. विक्रम संवत 1956 चा तो दुष्काळ, गुजरातेत माणसं आणि गुरं किती गेली ते जुन्या घरांतून अजून सांगतात. गरीब जास्त मेले किंवा गाव सोडून गेले तर उरलेल्यांत शिकलेल्यांचं प्रमाण आपोआप फुगतं, शाळा न वाढताच. आणि हे दोन्ही बाजूंना सारखंच झालं असेल असं नाही, तेव्हा 1901 हाच एकटा "आधी" धरू नका. तिसरा खड्डा सगळ्यात लबाड. 1911 मध्ये साक्षर कोणाला म्हणायचं याची कसोटी ठरवली की मित्राला पत्र लिहिता आलं पाहिजे आणि त्याचं उत्तर वाचता आलं पाहिजे. आधी इतकं काटेकोर नव्हतं. म्हणजे मोजपट्टीच बदलली. दोन्हीकडे सारखीच बदलली असेल तर वजाबाकीत ती निघून जाते, पण संस्थानच्या गणकांनी आणि ब्रिटिश गणकांनी ती सारखीच वापरली का, यावर एक पूर्ण परिच्छेद लिहा.

जनगणनेचे खंड विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत आधी विचारा, नाहीतर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, ती पण सयाजीरावांचीच, 1910 ची. शनिवार-रविवारी जाणार असाल तर वेळ फोन करून विचारून घ्या. तालुकावार आकडे हाताने टाइप करावे लागले तर दोनदा करा, दोन वेगळ्या दिवशी, आणि दोन्ही शीट एकमेकींतून वजा करून बघा. जिथे शून्य येणार नाही तिथे पान पुन्हा उघडा.