मजला चढवण्याआधी पायाच्या तपासणीवर ६२ हजार घालावेत का?

प्रश्न : सोलापूरला काळ्या मातीत १९९४ चा तळमजल्याचा बंगला आहे. पाया पाईलचा (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब), पण नकाशे हरवले. वर मजला चढवायला १८ लाखांचं कर्ज घेतोय. पाईल किती खोल आहेत ते खणून पाहायची सोय नाही. भोवती फरशी आणि शेजारची भिंत. एकाने हातोडी-चाचणीचे १४ हजार सांगितले, दुसऱ्याने बोअर घेऊन करायच्या चाचणीचे ६२ हजार. की थेट काम सुरू करू?

उत्तर : थेट काम नको. ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी १८ लाखांचा हप्ता महिना सुमारे १८,२५० रुपये पडेल. म्हणजे ६२ हजार हे साडेतीन हप्त्यांहून थोडे कमीच. स्लॅब पडल्यावर भिंतींना तडे गेले, तर पाया मजबूत करायचा खर्च वेगळा आणि हप्ते चालूच.

१४ हजारांची स्वस्ताई मात्र तुमच्या घराला लागू नाही. हातोडीच्या ठोक्याची लाट काँक्रीटमधून सेकंदाला सुमारे ४,००० मीटरने जाते. समजा पाईल साडेतीन मीटरचा, तर त्याच्या टोकावरून प्रतिध्वनी पावणेदोन मिलिसेकंदांत परत येतो. ठोकाच सुमारे एक मिलिसेकंदाचा, त्यामुळे ठोक्याची आणि प्रतिध्वनीची खूण जवळजवळ एकमेकींवर चढतात. त्यात प्लिंथ बीम (जोत्याची आडवी तुळई) आणि वरचा कॉलम आपापले प्रतिध्वनी मिसळतात. काळ्या मातीत पाईलला बहुधा खाली फुगवटा असतो, तोही टोकाआधीच खूण देतो. मोकळ्या डोक्याच्या नव्या पाईलला ही चाचणी ठीक. उभ्या घराखाली एकट्या तिच्या भरवशावर राहू नका.

बोअरच्या पद्धतीत पाईलपासून मीटर-दीड मीटरवर, अपेक्षित टोकाच्या तीन ते पाच मीटर खाली जाणारं छिद्र पाडतात. पीव्हीसी पाइप बसवून भोवतीची पोकळी ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरतात. पोकळी राहिली की सिग्नल मरतो. पाइपात पाणी भरून हायड्रोफोन (पाण्यातला आवाज टिपणारा माइक) सोडतात आणि कॉलमवर ठोके देत पाव-पाव मीटरवर वेळ नोंदवतात. आलेखाची रेघ जिथे मोडते, तिथे पाईल संपलेला. खाली कठीण खडक असेल तर हा मोड पुसट होतो.

६२ हजारांत दोन छिद्रं आणि मातीचे नमुने धरलेत का, हे लेखी घ्या. नमुने हवेतच, कारण निव्वळ खोलीवरून पाईल किती भार पेलेल ते कळत नाही. माती, व्यास आणि फुगवटाही लागतो. नमुने नसतील तर भाव कमी करून घ्या.

त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकच विचारा : किती खोलीपर्यंत पाईल निघाले तर मजला, किती निघाले तर फक्त पत्र्याची हलकी खोली? दोन्ही उत्तरांनी तुमचा बेत तोच राहणार असेल, तर चाचणीवर पैसा घालू नका.

कर्ज मंजूर करून ठेवा, पण उचल अहवालानंतर. मंजुरीची मुदत आणि प्रोसेसिंग फी आधी विचारा. चाचणीवाल्याचे निम्मे पैसे वेळ-खोलीचा आलेख हातात येईपर्यंत रोखा. 'पाया सक्षम आहे' एवढ्या एका ओळीचा दाखला घेऊ नका.