फिरतीवर असताना जेवणाऐवजी शेक घेऊन आठ-दहा दिवस काढता येतात का?

तुमचा बेत असा दिसतोय: १० दिवसांची फिरती, हॉटेलचं तेलकट टाळायचं, म्हणून सकाळी आणि रात्री शेक (पाण्यात किंवा दुधात घोळून प्यायची तयार पावडर), दुपारी तेवढं जेवण, जमलं तर वजनही उतरवायचं. गेल्या मे महिन्यात मी हेच ८ दिवस केलं. रात्रीचा शेक जमला, सकाळचा अंगाशी आला.

मी सोलापूरचा, शाळेच्या गणवेशाचा धंदा. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आमचे पाय घरात ठरत नाहीत. लातूर, नांदेड, परभणी असा फेरा, हातात सॅम्पलची बॅग, आणि ऊन असं की एसटीच्या खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नाही. रात्री नऊला लॉजवर पोचायचं, तेव्हा ढाब्याशिवाय काही उघडं नसतं, आणि दिवसभराचा भुकेला माणूस काजू करी नि चार बटर रोट्या हाणतो. पोट सुटायला अजून काय लागतं? निघताना आईनं पाकिटं बघितली आणि म्हणाली, "पावडर पिऊन कुणी धंदा केलाय का रे?"

माझ्या पाकिटात एका वेळच्या २२० कॅलरी होत्या. दोन पाकिटांच्या ४४०, दुपारची थाळी धरा ६००-७००. म्हणजे दिवसभरात जेमतेम ११००, तेही उन्हातान्हात दुकानं पालथी घालणाऱ्या माणसाला. तिसऱ्या दिवशी नांदेडमध्ये डोकं असं धरलं की दुकानदार भाव विचारतोय आणि मी नुसता बघतोय. सकाळचा शेक अकरापर्यंतसुद्धा टिकत नाही. शिवाय घामातून पाणी आणि मीठ जातच असतं, आणि एरवी भाजी-भाकरीतून जाणारं मीठ पोटात जात नाही. मीठ घातलेलं दोन ग्लास ताक प्यायलो तेव्हा माणसात आलो.

चौथ्या दिवशी पोट साफ होईना, जास्त सांगत नाही. पाकिटावर चोथा किती ग्रॅम आहे ते आधी वाचा, आणि सोबत काकडी, पेरू काहीतरी चावायचं ठेवा.

आता शेकरची, म्हणजे शेक घुसळायच्या बाटलीची गोष्ट. लातूरला लॉजवर सकाळी दुधात शेक केला, अर्धा प्यायलो, गाडी सुटेल म्हणून झाकण लावून बॅगेत टाकला आणि विसरलो. दुपारी एका दुकानात सॅम्पल काढायला चेन उघडली, शेकर हातात आला, झाकण नुसतं सैल केलं तर फटकन उडालं. दूध आंबून आत वायू धरला होता. आकाशी हाफ शर्टाच्या तीन सॅम्पलवर तो फेस, आणि वास म्हणजे अगदी गोठ्यातला. दुकानदार भला माणूस, म्हणाला, "सोलापूरचा कपडा टिकतो म्हणतात, हा तर नासलाय की हो!" ऑर्डर मिळाली, पण आधी भाव पाडून. तेव्हापासून दूध बंद. सीलबंद बाटलीचं पाणी घ्यायचं, आधी पाणी मग पावडर (उलट केलं की तळाला गोळे बसतात), जागेवर संपवायचं, लगेच विसळायचं. पावडर मोकळी डब्यात न नेता एकेका वेळेची पाकिटंच न्या.

वजनाचं म्हणाल तर ८ दिवसांत २ किलो ३०० ग्रॅम उतरलं. घरी आलो, आठवड्यात दीड किलो परत. खाणं कमी झालं की शरीर साठवलेली साखर वापरतं, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बाहेर पडतं. काटा आधी हलतो तो त्या पाण्यानं.

शेकनं गुणच येत नाही असं मात्र नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या प्रयोगात टाइप २ मधुमेहाच्या लोकांना ३ ते ५ महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या शेक-सूपवर ठेवलं होतं. २०१७ साली निकाल आले, त्यात वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय ताब्यात होती. पण ते सगळं देखरेखीखाली, गोळ्या आधी थांबवून. तुम्हाला ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण बुडवू नका. अनोळखी गावात साखर उतरली तर कुणाला हाक मारणार?

"त्यापेक्षा आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या," असं सोलापुरातला कुणीही सांगेल. मीही नेतो, आठवडाभर काही होत नाही तिला. फक्त शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. तीन मोठे चमचे भरून चटणी झाली की एका शेकएवढं पोटात गेलं, आणि तीन चमच्यांवर थांबलेला सोलापूरकर मी अजून बघितला नाही.

सध्या माझं असं चालतं: सकाळी लॉजखाली पोहे किंवा इडली, दुपारी थाळी, पार्टीकडचा चहा बिनसाखरेचा (चहाला नाही म्हटलं तर समोरचा हिशेबाला बसत नाही), आणि रात्री एक शेक, वर एक पेरू. १० दिवसांना १० पाकिटं, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, शर्टांपासून लांब.