तंत्रज्ञान आणल्याने मुलं खरंच जास्त शिकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : शाळेत प्रोजेक्टर आणि टॅब्लेट आलेत, प्रत्येक तासाला काहीतरी ‘डिजिटल’ व्हावं अशी मुख्याध्यापकांची अपेक्षा आहे, आणि यातून मुलं खरंच जास्त शिकतात का, सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला कळत नाहीये. मी माध्यमिक वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते, त्यामुळे माझी उदाहरणं त्याच विषयांतली असतील.

शिकतात, पण सगळ्याच वापरातून शिकत नाहीत. मी एकच गोष्ट बघते : त्या घटकेला डोकं कोणाचं चालतंय? मुलाचं चालत असेल तर ते साधन वर्गात हवंच. साधनच सगळं करून दाखवतंय आणि मूल नुसतं बघतंय, अशी गत असेल तर त्यापेक्षा फळा आणि खडू बरा.

यंत्र आलं की शिक्षण आपोआप सुधारेल ही आशा फार जुनी आहे. चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच मागे पडतील, असं थॉमस एडिसन १९१३ मध्येच म्हणाले होते. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, प्रत्येक वेळी हीच आशा नव्याने बोलली गेली. अलीकडचं उदाहरण पेरू देशाचं. तिथल्या सरकारने ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ उपक्रमातून मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. मुलांचा संगणकाचा वापर भरपूर वाढला होता, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. लॅपटॉप मुलांच्या हातात पोचला. कुठला धडा शिकवताना, कुठली अडचण सोडवायला तो उघडायचा, हे काम तसंच राहिलं. हे काम शिक्षकाचं आहे, आणि ते यंत्रासोबत खोक्यात भरून येत नाही.

म्हणून सुरुवात यंत्रापासून करू नका. मुलं दरवर्षी जिथे हमखास अडखळतात ती जागा शोधा, आणि मग विचारा की इथे एखादं साधन उपयोगी पडेल का.

माझ्याकडे अशी एक जागा म्हणजे विद्युतप्रवाह. एक सेल, एक बल्ब, दोन वायरी. मुलांना विचारा, बल्बच्या आधी प्रवाह जास्त असतो की बल्बनंतर? बरीच मुलं सांगतात की आधी जास्त, कारण बल्ब थोडा प्रवाह ‘खातो’. गंमत अशी की ‘एकसर जोडणीत (एकापुढे एक जोडलेल्या परिपथात) सगळीकडे विद्युतप्रवाह सारखाच असतो’ हे वाक्य त्यांना तोंडपाठ असतं, परीक्षेत ते नीट लिहितातही. पाठ केलेलं वाक्य आणि मनातली समजूत एकाच डोक्यात शेजारी शेजारी सुखाने राहतात.

आता प्रयोगशाळेतला अमीटर, म्हणजे प्रवाह मोजायचं साधन, आणला की हे सुटेल असं वाटतं, पण तसं होत नाही. वायर ढिली असते, काटा अडकतो, दोन अमीटरची वाचनं एक-दोन घरांनी वेगळी येतात. ज्याला आधीच वाटत होतं की बल्बनंतर प्रवाह कमी होतो, तो लगेच म्हणतो, “बघा बाई, कमीच आलं!” प्रयोगाने त्याची चुकीची समजूत आणखी पक्की होते.

इथे मी फेट (PhET) वापरते, म्हणजे पडद्यावर करून बघायचे आभासी प्रयोग, सिम्युलेशन्स. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. ही सिम्युलेशन्स फुकट आहेत, साध्या ब्राउझरमध्ये चालतात. त्यातल्या विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये वायरीतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. पण मी ते लगेच उघडत नाही. आधी वहीत अंदाज लिहायचा, कारणासकट, आणि पेनाने. कारण लिहून घेतलं नाही तर उत्तर दिसल्यावर सगळेच म्हणतात, “मला हेच वाटत होतं.” मग दोन-दोन जणांनी मिळून परिपथ जोडायचा, बल्बच्या दोन्ही बाजूंना अमीटर लावायचे. आकडे तंतोतंत सारखे येतात आणि वर्गात एकदम गलका होतो. मग मी दुसरा तसाच बल्ब एकसर जोडायला सांगते, पण त्याआधी पुन्हा अंदाज : कुठला जास्त उजळेल? प्रवाह ‘खाल्ला जातो’ असं मानणारी मुलं पहिल्या बल्बचं नाव घेतात. दोन्ही सारखेच उजळतात. काही जण बल्बांच्या जागा बदलून बघतात, सेल उलटा करून बघतात. कोणीतरी शॉर्ट सर्किट करतंच, पडद्यावर ज्वाळा दिसतात, आणि “असं का झालं?” हा प्रश्न आपसूक येतो. खऱ्या टेबलावर हे मी करू देणार नाही.

याच विद्यापीठात झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खऱ्या साहित्याऐवजी हे सिम्युलेशन वापरलेल्या विद्यार्थ्यांच्या संकल्पना जास्त पक्क्या निघाल्या. पुढे खरा परिपथ जोडतानाही तेच सरस ठरले. तरीही मी सिम्युलेशननंतर खऱ्या वायरी हातात देतेच. वायरीचं टोक खरवडणं, पकड घट्ट बसवणं, बल्ब लागला नाही की दोष कुठे आहे ते शोधणं, हे बोटांनीच शिकायचं असतं. आता फरक इतकाच की वाचन थोडं वेगळं आलं तर मूल जोडणी तपासतं.

याच धड्यावर उत्तम व्हिडिओ मिळतात, मग तेच का नको? व्हिडिओ गुळगुळीत असतो. मुलं माना डोलावतात, “कळलं” म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला की तेच जुनं उत्तर येतं. सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडीत नेमकं हेच तपासलं होतं. नुसतं स्वच्छ स्पष्टीकरण देणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपा वाटला, पण त्यांनी त्यातून फारसं काही उचललं नाही. आधी चुकीची समजूत मांडून मग ती खोडणारा व्हिडिओ गोंधळात टाकणारा वाटला, पण शिकणं त्यातून जास्त झालं. म्हणून व्हिडिओ लावायचाच असेल तर मध्ये थांबवा, “पुढे काय होईल?” असं विचारा, लिहून घ्या, मग पुढे चालवा. आणि स्लाइडवर लिहिलेलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवू नका. एकाच वेळी वाचणं आणि ऐकणं यात मुलांचं लक्ष फाटतं.

भूमितीत हेच काम जिओजेब्रा नावाचं आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर करतं. विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब काढताना मुलं तो ओढूनताणून त्रिकोणाच्या आत बसवतात. पडद्यावर शिरोबिंदू धरून ओढला की शिरोलंबसंपात (तिन्ही शिरोलंब जिथे मिळतात तो बिंदू) आतून सरकत सरकत काटकोनाच्या शिरोबिंदूवर येतो आणि मग बाहेर पडतो. तो बाहेर कधी जाईल हे मात्र आधी मुलांनी सांगायचं.

दुसरा उपयोग मला याहूनही मोलाचा वाटतो : प्रत्येक मुलाच्या मनात काय चाललंय हे मला एका मिनिटात दिसतं. एरवी प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरचे तेच पाच-सहा हात वर होतात आणि आपण समजतो की वर्गाला कळलं. प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये प्रत्येक मुलाकडे फक्त एक छापलेलं कार्ड असतं. उत्तराप्रमाणे ते फिरवून धरायचं. शिक्षक आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने वर्गावर नजर फिरवतो आणि सगळ्यांची उत्तरं टिपली जातात. मुलांच्या हातात फोन लागत नाही. शेजाऱ्याचं कार्ड बघून त्याचं उत्तर ओळखता येत नाही, त्यामुळे लाजणारी मुलंही खरं उत्तर देतात.

पण सगळी मदार प्रश्नावर आहे. एक उदाहरण देते. दशांश अपूर्णांक शिकवताना विचारा : ०.५७, ०.३ आणि ०.४१६ यांत सर्वांत मोठी संख्या कुठली? ०.४१६ म्हणणाऱ्याला वाटतं, जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी. ०.३ म्हणणारा उलट विचार करतो : शतांश-सहस्रांश म्हणजे बारीक तुकडे, म्हणून कमी अंकांची संख्या मोठी. दोन्ही चुका वेगळ्या आहेत आणि दोन्हींवरचा इलाजही वेगळा आहे. याऐवजी ०.४ मोठा की ०.३५, असं विचारलं असतं तर दुसऱ्या प्रकारचं मूल चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर देऊन निसटलं असतं. असा एक प्रश्न बेतायला मला कधी कधी सबंध संध्याकाळ लागते. ती कारणी लागते, कारण दुसऱ्या दिवशी कुणाजवळ जाऊन बसायचं हे मला नक्की माहीत असतं.

आता एआय चॅटबॉटबद्दल, कारण तुमची मोठी मुलं ते वापरत असणारच. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणितासाठी प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. साधा चॅटबॉट मिळालेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला दिलेला चॅटबॉट शिक्षकांच्या सूचनांप्रमाणे घडवलेला होता. तो थेट उत्तर न देता फक्त इशारे द्यायचा. त्या मुलांचं परीक्षेत असं नुकसान जवळपास झालं नाही. यंत्र एकाच जातीचं, फरक फक्त विचार कोणाला करावा लागला याचा. मला या निकालाने फार अस्वस्थ केलं, कारण सरावाच्या वह्या बघून कुठलाही शिक्षक खूश झाला असता.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी : जे दाखवायचं ते आधी डाउनलोड करून ठेवा, नेट आणि वीज ऐन वेळी दगा देतात. तेच काम फळ्यावर कसं करायचं हे मनात तयार असू द्या. टॅब्लेट दोघांत एक द्या. एकट्याने मूल बटणं दाबत सुटतं, दोघं असली की बोलावं लागतं. गृहपाठ फोनशिवाय होईल असाच द्या, कारण घरी फोन असणं आणि तो मुलाच्या हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठल्याही ॲपमध्ये मुलांची पूर्ण नावं घालू नका, हजेरी क्रमांक पुरतो.

मुख्याध्यापकांच्या अपेक्षेचं काय? त्यांना आकडे हवे असतात, तर आकडेच द्या. धड्याआधी एक प्रश्न विचारा, कुठल्या पर्यायाला किती मुलं गेली ते वहीत टिपा. दोन आठवड्यांनी, कुठलाही पडदा न लावता, तसाच पण वेगळ्या आकड्यांचा प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही नोंदी त्यांच्या टेबलावर ठेवा आणि शक्य झालं तर एका तासाला त्यांना मागच्या बाकावर येऊन बसायला सांगा. सिम्युलेशनवर वाद घालणारी मुलं त्यांनी स्वतः बघितली, तर प्रत्येक तासाला प्रोजेक्टर का लावत नाही हे समजावणं तुम्हाला बरंच सोपं जाईल.