दिवसभर बसूनही काम होत नाही, फ्रीलान्स लेखकाने दिवस कसा आखावा?

तुमचा प्रश्न असा आहे: नोकरी सोडून पूर्णवेळ फ्रीलान्स लेखन सुरू केलंय, सकाळपासून रात्रीपर्यंत लॅपटॉपसमोर असतो, तरी हाती फारसं काही लागत नाही. वेळापत्रक केलं, ते आठवडाभरही टिकलं नाही.

मला वाटतं, तुम्ही ऑफिसचे आठ तास जसेच्या तसे घरी आणले आणि ते सगळे लिहिण्यासाठी राखून ठेवले. असं वेळापत्रक कुणाचंच टिकत नाही. कोऱ्या पानावर नवा मजकूर उतरवण्याचं काम दिवसाला तीन तास होतं, फार तर चार. त्यापुढेही बोटं चालतात, पण तेव्हा लिहिलेलं दुसऱ्या दिवशी बरंचसं खोडावं लागतं.

हे माझ्या एकटीचं मत नाही. अँथनी ट्रोलोप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार बरीच वर्षं टपाल खात्यात नोकरी करत होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसायचा. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात जायचा, मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्द. लेखकाला रोज तीन तास पुरेत, असं त्याचं स्वच्छ मत होतं, आणि एवढ्यावर त्याच्या 47 कादंबऱ्या झाल्या. आता त्याला पगार होता, ईमेल नव्हते, तेव्हा त्याचा वेग मनावर घेऊ नका. तीन तासांचा हिशेब मात्र घ्या.

म्हणून दिवस आखताना आधी हे तीन तास कुठे बसतात ते ठरवा, बाकी सगळं त्यांच्या भोवती. माझे सकाळी बसतात. तुमचं डोकं रात्री चालत असेल तर रात्री बसवा. पहाटे उठण्यात काही पुण्य नाही. अट एवढीच की त्या वेळात इनबॉक्स उघडायचा नाही, उघडून ‘नुसता बघायचा’सुद्धा नाही. एखाद्या क्लायंटचा ‘थोडे बदल हवेत’ एवढा एका ओळीचा ईमेल वाचला की पुढचा अर्धा तास डोक्यात तेच बदल घोळतात आणि समोरचा परिच्छेद जागचा हलत नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये नेमकं हेच मांडलं: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो.

यावरचा तिचा उपायही आपल्या कामाचा आहे. 2018 मध्ये थेरेसा ग्लॉम्बबरोबर केलेल्या अभ्यासात तिला दिसलं की काम सोडताना ‘कुठे होतो आणि परत आल्यावर आधी काय करायचं’ एवढं लिहून ठेवलं की ही अडकण कमी होते. मी लिखाण थांबवताना मसुद्याच्या खालीच लिहून ठेवते: ‘पुढे: मुलाखतीतला तो उलटा प्रश्न, मग खर्चाचा मुद्दा. शेवट अजून ठरलेला नाही.’ बस, दोन ओळी. सकाळी फाइल उघडली की ‘आज काय लिहू’ हा प्रश्नच उरत नाही. आणि जमलं तर विषय संपवून थांबू नका. पुढचं वाक्य काय हे माहीत असतानाच उठा. सुरुवातीला हे फार जिवावर येतं.

लिहिताना घात करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ‘जरा तपासून घेते’. एक साल बघायला ब्राउझर उघडतो आणि वीस मिनिटांनी आपण भलत्याच पानावर असतो. त्यापेक्षा मसुद्यात त्या जागी ‘तपास’ एवढाच शब्द टाका: ‘ही पद्धत तपास साली सुरू झाली.’ पुढे चला. दुपारी फाइलमध्ये ‘तपास’ शोधा आणि सगळी भोकं एका बैठकीत बुजवा. फक्त एक बघा, हा शब्द तुमच्या लेखात एरवी येणारा नको. गुन्हेगारीवर लिहीत असाल तर दुसरा निवडा, नाहीतर मनस्ताप.

उरलेल्या वेळात दुकान चालवायचं. ईमेल, फोन, संदर्भ वाचन, मुलाखतींची जुळवाजुळव, आदल्या दिवशीच्या मजकुराचं संपादन, सगळं दुपारनंतर. संपादन शक्यतो लिहिलं त्याच दिवशी करू नये. ताज्या मजकुरात डोळ्याला लिहिलेलं दिसत नाही, लिहायचं होतं ते दिसतं. फॉन्ट बदलून किंवा मोठ्याने वाचून पाहा, अडखळलात की तिथे दुरुस्ती आहे. कॉल आठवड्यातल्या दोनच दुपारींत कोंबा. ‘आता पाच मिनिटं बोलू या का?’ याला ‘दुपारी तीननंतर केव्हाही’ हे उत्तर कुठल्याही समंजस क्लायंटला चालतं. इन्व्हॉइस लेख पाठवला त्याच दिवशी जातो, थकलेल्या पैशांची आठवण ठरलेल्या वारी. यात विचार करण्यासारखं काही नाही, म्हणूनच त्याला वार बांधून द्यावा.

नवं काम शोधण्याचं मात्र तसं नाही. हातात काम भरपूर असताना पिच, म्हणजे नव्या लेखाचा प्रस्ताव, पाठवायचं कुणाला सुचत नाही, आणि काम संपलं की घाबरून एकदम दहा जणांना पाठवले जातात. पिच, होकार, लेख, मंजुरी, पैसे या साखळीत आठवडे, कधी महिने जातात. आजचा रिकामा महिना दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या गर्दीत तयार झालेला असतो. त्यामुळे आठवड्यातली एक दुपार पिचसाठी राखून ठेवा, विशेषतः ‘आता वेळच नाही’ असं वाटत असेल तेव्हा.

25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. फ्रान्चेस्को चिरिल्लो याने ती विद्यार्थी असताना अभ्यासासाठी काढली. कंटाळवाण्या कामाला ती छान आहे: मुलाखत टंकून काढणं, संदर्भ लावणं, प्रूफ. पण मजकूर नुकता वाहता झाला असताना घंटी वाजली की माझा जीव जातो, तेव्हा पहिल्या मसुद्याला मी ती लावत नाही. तुम्ही लावून पाहा, स्वभावाचा प्रश्न आहे.

आता दराचं. तुम्ही दिवसाचे आठ तास धरून मानधन सांगत असाल तर हिशेब तिथेच चुकतो. लिहिण्याचे तास तीन, दुकानाचे चार-पाच, आणि दुकानाचे वेगळे पैसे कुणी देत नाही. ते लेखाच्या दरातच यायला हवेत. यायला लागले की रात्री नऊला पुन्हा लॅपटॉप उघडायची वेळ कमी येते. वेळापत्रक मोडण्याचं कारण पुष्कळदा दर हेच असतं, म्हणून नवं वेळापत्रक आखण्याआधी एक आठवडा नुसती नोंद ठेवा: कोणत्या लेखावर किती वेळ गेला, ईमेल आणि फेरबदल धरून. मग त्या लेखाच्या पैशांना त्या तासांनी भागा. एखाददुसरा क्लायंट त्या आकड्यातच गळून पडेल, आणि तुमची एखादी सकाळ मोकळी होईल.