आधी डोकी, मग डॉलर

प्रिय बाळा,

तुझी मेल काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. "मावशी, अमेरिकेतल्या आर्मेनियन आणि जॉर्डनी लोकांत कोण पुढे याच्या प्रोजेक्टसाठी दोन तक्ते आहेत, दोन्ही सरकारी, एकात आर्मेनियन पुढे दिसतायत आणि दुसऱ्यात जॉर्डनवाले, सर म्हणतात शुक्रवारच्या आत एक काहीतरी ठरव, मी कुठला खरा धरू?" तू हुशार आहेस, मेहनती आहेस वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते तुझी आई रोज फोनवर सांगतेच. मला एवढंच विचारायचंय की त्या दोन तक्त्यांत मोजलेली माणसं एकच आहेत का, हे तू बघितलंस का? मेलमध्ये डॉलरचे सगळे आकडे आहेत, मीडियन इन्कम (म्हणजे रांगेत बरोबर मधलं उत्पन्न), पर कॅपिटा, पॉव्हर्टी रेट, सगळं दशांशासकट. माणसं कोण, यावर एक ओळ नाही.

आधी डोकी, मग डॉलर. हे वाक्य मी या पत्रात बरेचदा लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

तुझा एक तक्ता जन्मदेशाचा आहे, दुसरा अ‍ॅन्सेस्ट्रीचा, म्हणजे माणूस स्वतःचं मूळ काय सांगतो त्याचा. अगं, हा फरक तुला कळायला अमेरिकेपर्यंत यायची गरज नव्हती. माझा जन्म इंदूरचा. जन्मराज्य विचारशील तर मी मध्य प्रदेशात जाणार, मातृभाषा विचारशील तर मराठीत. आता कुणी "मध्य प्रदेशात जन्मलेले" आणि "मराठी" असे दोन गट करून कोण श्रीमंत ते विचारायला लागला तर मी कुठे बसू? दोन्हीकडे. तुझ्या प्रोजेक्टात नेमकं हेच झालंय आणि तुझ्या लक्षात आलेलं नाही, याचं मला वाईट वाटतंय, आणि थोडा रागही येतोय.

आर्मेनियन मूळ सांगणारी माणसं अमेरिकेत एका देशातून आलेलीच नाहीत. १८८० च्या दशकापासून कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोला आले ते ऑटोमन राज्यातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडून, तिथे द्राक्षं लावली, बेदाणे केले. १९१५ ला त्याच राज्यात आर्मेनियनांचा संहार झाला, त्यातून जगले वाचले ते आले. मग १९६५ चा अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा झाला, देशानुसारचा जुना कोटा गेला, आणि पुढे लेबनॉनमध्ये १९७५ ला यादवी पेटली तसे बैरूतचे आर्मेनियन आले, १९७९ ला इराणात क्रांती झाली तसे तेहरानचे, आणि १९८० चं दशक संपता संपता सोव्हिएत आर्मेनियातले, ज्यांच्या मागे ७ डिसेंबर १९८८ चा स्पिटाकचा भूकंप होता, पंचवीसेक हजार माणसं गेली त्यात. बैरूत-तेहरानच्या पुष्कळ लोकांच्या हाताशी धंद्याचा अनुभव होता, थोडंफार भांडवल होतं, दोन-तीन भाषा होत्या. आर्मेनियाच्या राजधानीतून, येरेवानहून, आलेल्या इंजिनिअरकडे डिग्री होती जी इथे कुणी विचारात घेईना, सोबत म्हातारे आईवडील होते, आणि अनेकजण निर्वासित म्हणून आले होते. आता बघ, जन्मदेश "आर्मेनिया" अशी चाळणी लावलीस की बैरूत आणि तेहरानवाले गळून पडतात, फ्रेझ्नोच्या शेतकऱ्याची पणतीही गळते कारण ती कॅलिफोर्नियात जन्मली. अ‍ॅन्सेस्ट्रीची चाळणी लावलीस की सगळे आत. कर्क कर्कोरियनसारखा १९१७ साली फ्रेझ्नोत जन्मून लास व्हेगासमध्ये कॅसिनो उभारणारा अब्जाधीशसुद्धा हयात असताना त्याच यादीतला. मग आकडे उलटेपालटे नाही होणार तर काय होणार?

जॉर्डनची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. जॉर्डनने १९५० मध्ये वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पॅलेस्टिनी भाग, आपल्यात घेतला, तिथल्या पॅलेस्टिनींना नागरिकत्व दिलं, पासपोर्ट दिले, १९६७ च्या युद्धात तो भाग हातचा गेला आणि १९८८ मध्ये राजा हुसेननी त्याच्याशी असलेलं कायदेशीर नातंच तोडलं. १९५५ साली वेस्ट बँकेतल्या रामल्लात जन्मलेला माणूस आज फॉर्मवर जन्मदेश काय लिहिणार? कुणी जॉर्डन लिहितं, कुणी पॅलेस्टाईन. मूळ विचारलं की कुणी जॉर्डनी, कुणी पॅलेस्टिनी, कुणी नुसतंच "अरब" लिहून मोकळा होतो, आणि तो वेगळ्याच रकान्यात जातो. जॉर्डनमधल्या माद्बा, करक इकडची ख्रिश्चन कुटुंबं आहेत, ती बिनदिक्कत जॉर्डनी लिहितात. कुवेतमधून १९९०-९१ ला ज्यांना उठून यावं लागलं ते तीनेक लाख लोक बहुतांश पॅलेस्टिनी वंशाचे, पण हातात जॉर्डनचा पासपोर्ट, त्यांच्यातले काही पुढे अमेरिकेत. आपल्याकडे गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेलेली कुटुंबं आहेत ना, त्यांना पोर्तुगीज म्हणून मोजायचं की गोंयकार म्हणून, तसंच.

आणि हे दोन गट एकमेकांपासून वेगळे आहेत असं तू गृहीत धरलंयस. तसं नाहीये. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, स्वतःच्या हाताने लिहिलंय म्हणून सांगतेय.

२००० साली आम्ही लॉस एंजेलिसजवळ ग्लेंडेलला राहायचो. त्या वर्षीच्या सेन्ससला, म्हणजे जनगणनेला, सहा घरांतल्या एका घराला लांबलचक फॉर्म यायचा, मूळ, उत्पन्न, काम, भाडं सगळं विचारणारा. तो शेजारच्या घरी आला. शेजारीण आर्मेनियन, जन्म बैरूतचा, इंग्लिश बोलायची पण फॉर्मला घाबरायची, म्हणून मला बोलावलं. किचनच्या टेबलावर प्लॅस्टिकचं कव्हर, छोट्या कपात ती दाट कॉफी, आणि मी पेन घेऊन बसलेले. तिचा जन्म लेबनॉन, मूळ आर्मेनियन. मग नवऱ्याचं आलं. जन्मस्थळ विचारलं तर तो म्हणाला, अम्मान. अश्रफियाच्या टेकडीवर आर्मेनियन वस्ती आहे तिथला तो, वडील संहारातून वाचून तिकडे पोचलेले. मी लिहिलं, जॉर्डन. मूळ, आर्मेनियन. मुलगी कॅलिफोर्नियातली, मूळ आर्मेनियन. एक घर, एक चूल, एक भाडं. तुझ्या जन्मदेशाच्या तक्त्यात तो नवरा जॉर्डनचा इमिग्रंट म्हणून मोजला जाणार आणि अ‍ॅन्सेस्ट्रीच्या तक्त्यात तिघंही आर्मेनियन. मग तू दोन रंगांचे दोन बार काढणार आणि खाली लिहिणार, हा गट त्या गटापेक्षा पुढे. तो माणूस स्वतःपेक्षा पुढे आहे की मागे?

पुढचं सांगायला मला जड जातं. नवरा डाऊनटाऊनला दागिन्यांच्या बाजारात खडे बसवायचा, नगावर पैसे, त्याने आठवून आठवून वर्षाचा आकडा सांगितला. मग मी तिला विचारलं, तू गेल्या वर्षी काम केलंस का? ती म्हणाली, नाही, मी घरीच असते. मी तिच्या कमाईच्या जागी काहीच नाही असं भरून पुढे गेले. तिच्या पाठीमागे शिलाई मशीन होतं, दाराला लग्नाचे तीन-चार गाऊन प्लॅस्टिकमध्ये लटकत होते, जमिनीवर मण्यांचा डबा उघडा होता आणि तिच्या ड्रेसला टाचण्या टोचलेल्या होत्या. मी ते सगळं बघत होते. बघत असून मी ते शून्य लिहिलं, कारण ती नाही म्हणाली आणि मला घरी जाऊन कुकर लावायचा होता.

तीन वर्षांनी मी जिथे नोकरी करत होते तिथे मला एक रिपोर्ट करायला सांगितला, त्याच सेन्ससच्या आकड्यांवर, कुठल्या समाजाला कसली मदत लागते याचा. मी जन्मदेशाची चाळणी लावली कारण ती सोपी होती, आणि पानाच्या वर नुसतं "आर्मेनियन" असं लिहिलं. ते "आर्मेनियात जन्मलेले" असायला हवं होतं. एवढाच फरक. पण मीटिंगमध्ये तो बार बघून एकाने म्हटलं, हे लोक इतकी वर्षं इथे राहून अजून मदतीवरच, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. सोव्हिएतमधून दहा-बारा वर्षांपूर्वी आलेल्या म्हाताऱ्यांची गरिबी मी फ्रेझ्नो, बैरूत, तेहरान सगळ्यांच्या कपाळी चिकटवली होती. आणि दुसऱ्या बाजूला कमाईच्या आकड्यात माझ्या शेजारणीची शिलाई नव्हतीच. मी त्या मीटिंगला होते. गप्प बसले.

त्यानंतर मी ठरवलं की कोण मोजलं हे पहिल्या पानावर लिहिल्याशिवाय माझ्या हातून आकडा बाहेर जाणार नाही. त्यावरून साहेबांशी वाजलं, एकदा नाही, वर्षानुवर्षं. "तुमच्या तळटीपा कोण वाचतो" हे मी किती वेळा ऐकलं. हेकट म्हणून नाव पडलं, माझ्यामागून आलेली मुलं पुढे गेली. तुझी आई अजून म्हणते, तू थोडं जुळवून घेतलं असतंस तर. मी घेतलं नाही आणि मला ते बरोबरच वाटतं, आजही. साहेबांना एक आकडा हवा होता म्हणून माणसं एक होत नाहीत. असो, माझं सोड.

आता तुझ्या "वेलबीइंग"बद्दल. मीडियन वर आहे म्हणजे समाज सुखात आहे असं तू तिसऱ्या पानावर लिहिलंयस. ते खोड. त्याच २००० च्या सेन्ससमध्ये अरब मूळ सांगणाऱ्या कुटुंबांचं मीडियन उत्पन्न सुमारे ५२,३०० डॉलर होतं, सगळ्या अमेरिकन कुटुंबांचं ५०,००० च्या आसपास. म्हणजे पुढे, बरोबर? आणि त्याच लोकांत गरिबी १७ टक्के, देशात १२. दोन्ही खरं. जुन्या लेबनीज-सीरियन घराण्यांची नातवंडं आणि काल विमानातून उतरलेले इराकी एकाच ओळीत उभे केले की असं दिसतं. आधी डोकी, मग डॉलर!

गरिबीची ती रेषाही बघ कुठून येते. १९६० च्या दशकात मॉली ऑरशान्स्की या सरकारी अर्थशास्त्रज्ञ बाईने किमान जेवणाच्या खर्चाला तिनाने गुणून काढली, आणि अधिकृत रेषेत अजूनही घरभाडं शहरानुसार बदलत नाही. ग्लेंडेलचं भाडं आणि एखाद्या स्वस्त गावातलं भाडं तिला सारखंच. आर्मेनियन लॉस एंजेलिसच्या आसपास एकवटलेले आहेत, जॉर्डनवाले न्यूयॉर्कजवळ यॉंकर्स, शिकागो, कॅलिफोर्निया असे विखुरलेले. भाडं धरणारं दुसरं मोजमाप २०११ पासून निघतंय, ते काढ. घरटी किती माणसं तेही बघ, आणि घरात कमावते हात किती. जॉर्डनमध्ये बायकांचं नोकरीतलं प्रमाण जगातल्या सगळ्यात कमी प्रमाणांपैकी आहे, सोव्हिएत आर्मेनियात बायका कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात कामाला होत्या. घरटी उत्पन्नाची तुलना करताना हे सोडून कसं चालेल?

सॅम्पलचं एका वाक्यात: जॉर्डनी गट लहान आहे, एका वर्षाचा डेटा घेऊ नकोस, पाच वर्षांचा घे, आणि मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, बारवर काढून दाखव.

आणि वर्षं. चिझविक नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये एकाच सेन्ससवरून दाखवलं की इमिग्रंट दहा-पंधरा वर्षांत इथल्यांच्या पुढे जातात. १९८५ ला बोर्हास या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने दोन सेन्सस एकापुढे एक ठेवून दाखवलं की बाबा रे, जुने आलेले आणि नवे आलेले ही माणसंच वेगळी आहेत. हाच मुद्दा आहे गं. तो प्रोफेसर होता म्हणून लोकांनी ऐकलं.

एक गोष्ट मात्र प्रेझेंटेशनमध्ये घालच, कुणी विचारो न विचारो. १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद प्रकरणात सांगितलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून नागरिकत्व नाही. १९२५ मध्ये ओरेगनच्या कोर्टात गालिच्यांचा व्यापारी कार्तोझियन उभा राहिला, आर्मेनियन, फ्रान्झ बोआससारख्या मानववंशशास्त्रज्ञाने त्याच्या बाजूने साक्ष दिली, आणि कोर्ट म्हणालं, हा गोरा. आता कॅलिफोर्नियात तेव्हा कायदा असा की ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे फ्रेझ्नोचा आर्मेनियन आपल्या द्राक्षांचा मालक राहू शकला (शहरातल्या चांगल्या वस्त्यांत घर विकायचं नाही असे करार त्यांच्याविरुद्ध होतेच, ते विसरू नकोस) आणि त्याच राज्यात राबणारा पंजाबी शेतकरी दुसऱ्याच्या नावावर जमीन लिहून बसला. तुझ्या अ‍ॅन्सेस्ट्रीच्या तक्त्यात त्या द्राक्षांच्या मालकांची नातवंडं-पतवंडं आहेत. जॉर्डनहून १९६७ नंतर आलेल्या किराणा दुकानदाराशी त्यांची तुलना करून "आर्मेनियन जास्त उद्योगी" असं लिहिशील तर मला ते वाचायला पाठवू नकोस.

हे रकाने अजून हलतायत. मार्च २०२४ मध्ये सरकारने वंशाच्या रकान्यांत मिडल ईस्टर्न ऑर नॉर्थ आफ्रिकन, म्हणजे मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकेचे, असा वेगळा गट काढला, जॉर्डनी त्यात गेले, आर्मेनियनांना त्यात नाव मिळालं नाही आणि त्यावर वाद चालूच आहे. माझ्या शेजारणीचा नवरा पुढच्या फॉर्मवर कुठे टिक करणार, हा प्रश्न तुझ्या सरांना विचार.

सर "एक ठरव" म्हणतात तर ठरव. पण ठरवायचं ते माणसांचं. जॉर्डनमध्ये जन्मलेले आणि आर्मेनियात जन्मलेले, पंचवीस ते चौसष्ट वयाचे, अमुक वर्षांत आलेले, असं एक वाक्य लिही आणि त्याच्या बाहेर एक शब्द बोलू नकोस. प्रेझेंटेशन छोटं होईल. होऊ दे. मार्क कमी पडले तर मी आईशी बोलेन.

गुरुवारी रात्री फोन कर, दोन्ही तक्ते उघडे ठेवून, आणि आधी मला त्यांच्या खालची बारीक अक्षरातली टीप वाचून दाखव. घरी शिवणकाम करणारी बाई कुठल्या रकान्यात बसते तेही शोधून ठेव, मला ते तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझी,
मावशी