बुडबुडे थांबले, लिव्हर मात्र मऊच

प्रश्न : मोटारसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकचं ऑइल घरीच बदललं. बाटली संपत आली, नळीतून बुडबुडेही येईनात, तरी लिव्हर थेट मुठीला टेकतो. कॅलिपर (चाकापाशी डिस्कला पकडणारा भाग) बदलू का?

उत्तर : अहो, कॅलिपरच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. हवा बहुधा वरच, मास्टर सिलिंडरच्या (हँडलवरचा, ऑइलची टाकी असलेला भाग) बँजो बोल्टपाशी, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी, अडकली आहे. हवा वर जाऊ पाहते आणि आपण तिला खाली ओढत बसतो. हँडल असं वळवा की तो बोल्ट शक्य तितका उंच येईल, पण ऑइल सांडणार नाही. टाकीचं झाकण काढून लिव्हर जेमतेम हलेल इतकाच दाबा, सोडा. टाकीच्या तळातल्या बारीक छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे वर येतील. काम महाकंटाळवाणं, पण घाई केलीत की संपलंच. मग झाकण लावून लिव्हर रात्रभर दाबून बांधून ठेवा.

खाली कॅलिपरवरचं निपल (ऑइल आणि हवा बाहेर सोडायची तोटी) उघडाल तेव्हा लिव्हर सोडण्याआधी ते बंद झालंच पाहिजे, नाहीतर हवा पुन्हा आत. झाकणावर डॉट ४ (ब्रेक ऑइलचा प्रकार) लिहिलं असेल तर डॉट ५ ओतू नका. ते सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं असतं. गाडीच्या रंगावर ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवा. आणि लिव्हर कडक होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही.